पूर्वज्ञान आणि पुरावा : कडुनिंब पेटंट अपिलाची वऱ्हाडच्या संदर्भातील चिकित्सा

प्रस्तावना

वऱ्हाडात 'पेटंट' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसला तो बीटी कापसामुळे. २००२ साली या कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या पाकिटामागे कंपनीला किती स्वामित्वशुल्क जाते, हा प्रश्न अकोल्याच्या कृषी सेवा केंद्रांपासून दिल्लीच्या न्यायालयांपर्यंत गाजत राहिला. महाविद्यालयीन चर्चासत्रांत मात्र पेटंटचा विषय निघाला की उदाहरणे ठरलेली असतात : हळद आणि कडुनिंब. परदेशी संस्थांनी आपले ज्ञान पळविले, आपण आपल्या प्राचीन परंपरेचा दाखला दिला आणि ते परत मिळविले, असे या दोन्ही प्रकरणांचे कथन केले जाते. कथन ऐकून सभागृहात टाळ्या पडतात व पुढचा निबंध सुरू होतो.

हे कथन खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. विशेषतः कडुनिंबाच्या प्रकरणात म्युनिक येथे जे सिद्ध झाले ते प्राचीन परंपरेच्या जोरावर झाले, असे समजणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो निकाल महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांत अवघ्या काही वर्षांपूर्वी घेतलेल्या शेतप्रयोगांभोवती फिरला. परंपरा असणे आणि परंपरा सिद्ध करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक नजरेआड झाल्याने कोणाचे नुकसान होते, याचा विचार अमरावती-अकोल्याच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हळद : छापील कागदाचा विजय

मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला २८ मार्च १९९५ रोजी जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ५४०१५०४. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली, ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने दावे अमान्य केले. वृत्तपत्रांनी याला 'हळदीघाटीची लढाई' म्हटले.

परिषदेने संदर्भच का गोळा केले, खेड्यापाड्यांतील वृद्ध स्त्रियांची शपथपत्रे का घेतली नाहीत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेतील फेरतपासणी केवळ आधीची पेटंटे व छापील प्रकाशने यांच्या आधारेच होऊ शकते. शिवाय त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेबाहेर 'वापरात' असल्याने तिच्यावरील पेटंटला बाध येत नव्हता. ती कोठेतरी छापलेली असणे आवश्यक होते. ही भौगोलिक अट २०११ च्या सुधारणा कायद्याने गेली व ती सुधारणा १६ मार्च २०१३ पासून लागू झाली. म्हणजे १९९७ साली भारतातील प्रत्येक घरात कापलेल्या बोटावर हळद दाबली जात होती, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने जणू घडलीच नव्हती. १९५३ मधील भारतीय वैद्यक नियतकालिकातील एक लेख मात्र घडला होता. हळद वाचली ती आजीमुळे नव्हे, तर आजीचे ज्ञान कोणीतरी छापून ठेवले म्हणून.

म्युनिकमधील दावा

युरोपीय पेटंट कायद्याची व्याख्या अधिक उदार आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी लेखी वा तोंडी वर्णनाने, वापराने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने लोकांना उपलब्ध झालेले सर्व काही तेथे पूर्वज्ञानात, कायद्याच्या भाषेत 'प्रायर आर्ट'मध्ये, मोडते. वापर कोणत्या देशात झाला याला महत्त्व नाही. कडुनिंबाचा खटला या व्याख्येच्या आधारे लढविला गेला.

अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांनी डिसेंबर १९९० मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयात अर्ज केला. अग्रक्रमाची तारीख होती २६ डिसेंबर १९८९. पेटंट मंजूर झाल्याचे १४ सप्टेंबर १९९४ रोजी प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा एलव्होट, डॉ. वंदना शिवा आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी विरोध दाखल केला. ९ व १० मे २००० रोजी तोंडी सुनावणी होऊन पेटंट रद्द झाले. पेटंटधारकांनी अपील केले. ८ मार्च २००५ रोजी अपील मंडळाने ते फेटाळले. विरोधापासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली.

येथे दावा नेमका कशावर होता, हे पाहिले पाहिजे. 'कडुनिंबावर पेटंट' असे सरसकट म्हटले जाते. ते चूक आहे. दावा होता वनस्पतींवरील बुरशीच्या नियंत्रणाची एक पद्धत. त्यात ०.१ ते १० टक्के निंबतेल, ०.००५ ते ५ टक्के पायसीकारक आणि उरलेले पाणी असे मिश्रण फवारावयाचे होते. हे तेल जलविरोधी द्रावकाने काढलेले आणि अझाडिरॅक्टिनपासून जवळजवळ मुक्त असावे, अशी अट होती. आता वऱ्हाडातील शेतकऱ्याची निंबोळी पाहा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजविणे, सकाळी फडक्याने गाळणे, साबणाचे पाणी मिसळणे आणि शंभर लिटर द्रावण करून कपाशीवर फवारणे, हा पाच टक्के निंबोळी अर्क कृषी विद्यापीठे व कृषी विभाग वर्षानुवर्षे सुचवीत आले आहेत. परंतु हा अर्क पाण्यात काढलेला असतो, त्यात अझाडिरॅक्टिन हेच मुख्य कार्यकारी द्रव्य असते आणि तो प्रामुख्याने किडींसाठी असतो, बुरशीसाठी नव्हे. धुऱ्यावरच्या निंबाचा पाला धान्याच्या कणगीत घालणे तर त्याहून दूरची गोष्ट. नावीन्य नाकारण्यासाठी दाव्यातील प्रत्येक घटक पूर्वीच्या एकाच वापरात किंवा एकाच लेखात सापडावा लागतो. त्या कसोटीवर वऱ्हाडची निंबोळी एकटी टिकली नसती, हे कटू असले तरी मान्य करावे लागेल.

ही उणीव भरून काढणारा साक्षीदार महाराष्ट्रातून गेला. पुण्यातील एका जैव कीडनाशक उद्योगाचे संचालक अभय फडके यांनी १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबाच्या अर्काचे प्रयोग झाल्याची साक्ष म्युनिक येथे दिली. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील वनस्पतिरोगतज्ज्ञ प्रा. यू. पी. सिंग हेही विरोधकांच्या बाजूने उभे होते. फडके यांच्या साक्षीवर विश्वास ठेवून पूर्ववापर मान्य करण्यात आला. १९८५ आणि १९८९ यांतील अंतर चार वर्षांचे! ज्या निकालाचा गौरव हजारो वर्षांच्या परंपरेचा विजय म्हणून केला जातो, त्यातील कळीचा पुरावा चार वर्षांचा होता आणि तो एका उद्योजकाच्या प्रयोगांचा होता.

यात परंपरेचा काहीच वाटा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. निंबाचा उपयोग पिढ्यान्पिढ्या ठाऊक नसता तर कोणा उद्योजकाने तो शेतावर आणलाच नसता. तसेच, शेतकऱ्याच्या शेतात झालेला प्रयोग 'सार्वजनिक' कसा ठरतो, हा मुद्दाही मनोरंजक आहे. पाहणाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन नसेल तर ते पाहणे हेच लोकांना उपलब्ध होणे होय. बांधावर उभा राहून फवारणी पाहणारा निनावी शेतकरी कायद्याच्या भाषेत 'जनता' असतो. त्याचे नाव निकालात येत नाही. त्याचे तेथे असणे मात्र निर्णायक ठरू शकते.

साबणाच्या पाण्याचा प्रश्न

पायसीकारकाचा मुद्दा भारतीय वाचकाला नवा वाटण्याचे कारण नाही. मोन्सॅन्टो विरुद्ध कोरामंडल इंडाग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच तो हाताळला होता. ब्युटाक्लोर या तणनाशकाचे पायस तयार करण्याविषयी ते पेटंट होते. ब्युटाक्लोर हे द्रव्य आधीच ज्ञात होते आणि पायसीकरणाची क्रियाही ज्ञात होती. ज्ञात द्रव्यावर ज्ञात क्रिया केल्याने शोध होत नाही, अशा आशयाचा निर्णय न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी दिला. तेल आणि पाणी एकत्र नांदविण्यासाठी साबण लागतो, हे रसायनशास्त्राच्या पदवी वर्गातील ज्ञान आहे. ते शेतकऱ्यालाही असते. तो त्याला पायसीकरण म्हणत नाही इतकेच.

कडुनिंबाच्या चर्चेत या १९८६ च्या निकालाचा उल्लेख जवळजवळ होत नाही, याचे आश्चर्य वाटते. नावीन्याची कसोटी कठोर असते. एकही घटक निसटला तर विरोध कोसळतो. कल्पकतेची कसोटी मात्र वेगळा प्रश्न विचारते : त्या विषयातील सामान्य जाणकाराला ही पायरी सहज सुचली असती का? वऱ्हाडच्या निंबोळी अर्काला एकट्याने जे जमले नसते, ते येथे जमू शकते. साबण आहे, निंब आहे, फवारणी आहे. फक्त पाण्याऐवजी द्रावक आला. अर्थात, अझाडिरॅक्टिन काढून टाकल्यावर उरलेले तेल बुरशीवर चालते, हे सुचणे सहज होते की नाही, यावर दोन तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतो. परंतु वाद घालण्याची जागा तीच आहे. 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' या विधानाला अपील मंडळापुढे काहीच किंमत नसते.

ग्रंथातले ज्ञान आणि धुऱ्यावरचे ज्ञान

या अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध व योग यांच्या ग्रंथांतील नोंदी इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी व स्पॅनिश या पाच भाषांत उतरविण्यात आल्या. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांना त्या खुल्या झाल्या. दहा वर्षे अपील लढविण्यापेक्षा परीक्षकाच्या टेबलावरच पुरावा ठेवणे केव्हाही शहाणपणाचे. या उपक्रमाचे मोल निर्विवाद आहे.

परंतु हे ग्रंथालय ग्रंथांवर उभे आहे. जे ज्ञान ग्रंथात नाही, ते त्यात नाही. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू समाजाला वनौषधींची जी माहिती आहे, ती कोणत्याही संहितेत सापडणार नाही. कपाशीवरील फवारणीसाठी गोमूत्र, निंबाचा पाला, तंबाखू, मिरची, लसूण यांची जी मिश्रणे वऱ्हाडात केली जातात, त्यांचेही तसेच. याला एक ठळक अपवाद अमरावती जिल्ह्यातीलच आहे. बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीच्या प्रचारात नीमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र या मिश्रणांच्या कृती प्रमाणासह मराठी पुस्तकांतून छापल्या. पाळेकरांच्या शेतीविचारावर कृषिशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले काही गंभीर आहेत. पण पेटंटच्या दृष्टीने पाहता, ती पुस्तके ज्या दिवशी विक्रीस आली त्या दिवसापासून त्या कृती पूर्वज्ञान झाल्या. कृती गुणकारी आहे की नाही, याच्याशी याचा संबंध नाही. मराठीत छापले म्हणूनही काही उणे राहत नाही. कायदा भाषा विचारत नाही. प्रश्न एवढाच की परीक्षकाला ती पुस्तके सापडतील कशी.

अलिखित ज्ञानासाठी जैविक विविधता कायदा, २००२ ने लोक जैवविविधता नोंदवहीची सोय केली. गावोगावच्या समित्यांनी ती भरावयाची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत देऊन त्यानंतर दरमहा दहा लाख रुपयांच्या भरपाईची तंबी दिली, तेव्हा देशभर नोंदवह्या भरण्याची घाई झाली. घाईत भरलेल्या नोंदीत 'निंब : औषधी' एवढेच असेल तर तिचा उपयोग शून्य. कोणता भाग, कशात भिजविला, किती, कोणत्या रोगावर, कोण वापरते, केव्हापासून, हे नसेल तर दाव्यातील घटकांशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरीकडे, इतक्या तपशिलाने लिहिले तर तोच तपशील वाचून कोणी त्यात किरकोळ सुधारणा करून नवा अर्ज करील, ही भीतीही अनाठायी नाही. उघड करणे हे संरक्षणही आहे आणि आमंत्रणही. या पेचावर सरधोपट उत्तर नाही. कोरकू वैदूने काय सांगावे व काय सांगू नये, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच राहिला पाहिजे.

भारतीय कायदा या बाबतीत वाटतो त्याहून अनुकूल आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ मधील खंड (त) नव्हे, तर इंग्रजी मूळ पाठातील 'पी' खंड पारंपरिक ज्ञान असलेल्या गोष्टीला शोध मानत नाही. कलम २५ नुसार स्थानिक वा आदिवासी समाजात 'तोंडी किंवा अन्यथा' उपलब्ध असलेले ज्ञान हे विरोधाचे स्वतंत्र कारण आहे. अमेरिकेने जे ज्ञान पूर्वी दाराबाहेर ठेवले, त्याला आपला कायदा नावानिशी आत बोलावतो. मंजुरीपूर्वीचा विरोध कोणीही करू शकतो. २०२४ च्या नियमदुरुस्तीने त्यालाही शुल्क लागू झाले, हे मात्र खटकते. मंजुरीनंतरचा विरोध एका वर्षाच्या आत आणि हितसंबंधित व्यक्तीनेच करावा लागतो. मंजुरीपूर्व विरोध फेटाळला गेला तर विरोधकाला अपील नाही; अर्ज नाकारला गेला तर अर्जदाराला आहे. ही विषमता लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००७ पासून अशी अपिले बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळ बंद झाल्यावर ती उच्च न्यायालयांकडे आली. महाराष्ट्रातील अर्जांचे पेटंट कार्यालय मुंबईत आहे. बेलोऱ्याच्या किंवा धारणीच्या माणसाला ते म्युनिकपेक्षा जवळ आहे, असे नकाशा सांगतो.

कपाटातील प्रबंध

या सर्वांत प्राध्यापकवर्गाचा संबंध कोठे येतो? तो ग्रंथालयाच्या कपाटापाशी येतो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे, अमरावती विद्यापीठ १९८३ चे. कृषी पदव्युत्तर प्रबंध, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्रातील पीएच.डी. प्रबंध, एम.फिल.चे लघुप्रबंध, यांतून या भागातील वनस्पती, अर्क, पायसे, बहुवारिके यांवर कितीतरी काम टंकलिखित होऊन बांधले गेले आहे. ते पूर्वज्ञान आहे काय?

अमेरिकी अपील न्यायालयाचे तीन निकाल येथे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. १९८६ च्या हॉल प्रकरणात जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एकच पीएच.डी. प्रबंध पेटंट अडविण्यास पुरेसा ठरला. तो सूचीत होता, वाचकाला मिळू शकत होता आणि ग्रंथालयातील अधिकाऱ्याने तेथील नोंदणीच्या नित्य पद्धतीविषयी शपथपत्र दिले होते. तो कोणी वाचला होता, हे सिद्ध करावे लागले नाही. १९८९ च्या क्रोनिन प्रकरणात रीड महाविद्यालयातील तीन पदवी विद्यार्थ्यांचे प्रबंध मात्र पूर्वज्ञान ठरले नाहीत. त्यांची सूचीपत्रे केवळ लेखकाच्या आडनावानुसार लावलेली होती. रसायनशास्त्र विभागातील पत्रे तर बुटांच्या खोक्यात ठेवलेली होती. विषयानुसार शोधणाऱ्याला ते प्रबंध सापडणेच शक्य नव्हते. २००४ च्या क्लॉपफेनस्टाइन प्रकरणात तर सोयाबीनच्या तंतूंविषयीचे एक भित्तिपत्रक परिषदेत अडीच दिवस टांगलेले होते, एवढ्यावरून ते छापील प्रकाशन मानले गेले. भित्तिपत्रक सादरीकरणाला गुणांकापुरते महत्त्व देणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

खोक्यातील सूचीपत्रे ही परक्या देशातील गंमत म्हणून सोडून देता येत नाहीत. पीएच.डी. प्रबंध विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर शोधगंगेवर जाऊ लागले. त्यापूर्वीचे सर्वच तेथे पोहोचलेले नाहीत. एम.फिल. हा अभ्यासक्रमच आयोगाने २०२२ च्या विनियमांद्वारे बंद केला आणि त्याचे लघुप्रबंध विभागाविभागांच्या कपाटांत राहिले. त्यांची नोंद बहुधा लेखकाचे नाव, मार्गदर्शक आणि वर्ष एवढीच असते. शीर्षकातील वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला द्रावक, ज्यावर प्रयोग केला ती बुरशी वा कीड यांनुसार ती शोधता येत नाही. दाखल नोंदवहीत तारीख असते, पण अनेकदा ती एकगठ्ठा दाखल केल्याची असते. प्रबंध वाचकांसाठी कपाटात केव्हा आला, हे त्यावरून ठरत नाही.

हे काम खर्चिक नाही. प्रत्येक जुन्या लघुप्रबंधाला विषयानुसार पाच-सहा शोधशब्द देणे, दाखल दिनांक व वाचनासाठी उपलब्ध झाल्याचा दिनांक वेगळे लिहिणे आणि ग्रंथपालाने आपली नित्य पद्धत एकदा लेखी नोंदवून सही करून ठेवणे, एवढे केले तरी फ्रायबुर्गच्या रांगेत बसता येते. नवीन मूल्यमापन पद्धतीत याला गुण नाहीत, म्हणून ते कोणाच्या कार्यभारात बसत नाही. अकोला आणि अमरावतीच्या विज्ञान विभागांनी आपापली कपाटे उघडून पहिल्या उन्हाळी सुट्टीत निदान निंब, करंज, सीताफळ आणि मोह या चार वनस्पतींवरील प्रबंध तरी वेगळे काढावेत.